वय विचारणारा बी.ए.

हिरामण कोळंबे याचा धंदा लोकांना त्यांचे वय विचारण्याचा होता. कर्जतपासून खोपोलीपर्यंत आणि तिकडे चौक-लोधिवलीपर्यंत सायकलवरून फिरणाऱ्या या उंच, सावळ्या माणसाला लोक ‘विम्याचा मास्तर’ म्हणत. मास्तरकी त्याने कधी केली नव्हती. पण तो बी.ए. होता, काळी टोपी घालत असे आणि उत्तर देण्याआधी थोडा थांबत असे. त्या भागात माणूस मास्तर ठरायला एवढे पुरे होते.

तो कडावच्या पदू कोळंब्यांचा धाकटा मुलगा. पदूची भातशेती बरी होती, घरच्या म्हशींचे दूध कर्जत स्टेशनावरच्या हॉटेलात जाई आणि थोरला मुलगा शेत सांभाळत होता. त्यामुळे धाकट्याला कॉलेजात पाठवणे पदूला जमले. हिरामण १९२९ साली इतिहास घेऊन बी.ए. झाला, दुसऱ्या वर्गात. गावात त्याच्याआधी पदवीधर कुणी नव्हता, त्यामुळे या पदवीला बाजारात काय भाव येतो हेही कुणाला ठाऊक नव्हते.

भाव लवकरच कळला. मामलेदार कचेरीत भरती बंद होती. रेल्वेला मॅट्रिक झालेले हवे होते, बी.ए. झालेला पोरगा फार दिवस टिकत नाही, असा तिथल्या साहेबांचा अनुभव होता. शाळांत जागा होत्या, त्या अध्यापनाची परीक्षा दिलेल्यांना. मुंबईतल्या एका बँकेने त्याला भेटीला बोलावून व्याजाचे गणित घातले. ते त्याने सोडवले. जागा वाणिज्य शाखेच्या मुलाला मिळाली. दुसऱ्या बँकेने गणितही घातले नाही.

पदू थट्टेखोर होता. संध्याकाळी ओटीवर बसून तो मुलाला विचारी, “काय रं हिरामण, ह्या तुज्या बी.ए.ला बांधायचा कुठं? गोठ्यात तर जागा नाय.”

“जेवू द्या की पोराला सुखानं,” आतून गोदा म्हणे. ती हिरामणची आई.

“जेवायला कोन नाय म्हनतंय? मेलेल्या राजांचं समदं पाठ हाय त्याला. त्यांच्यातला येक बी कामाला लावून घेत नाय, येवडंच माजं म्हननं.”

१९३१च्या आरंभी हिरामणने वर्तमानपत्रात ‘दख्खन मंगल आयुर्विमा मंडळी’ची जाहिरात पाहिली. कंपनी लहान होती आणि नवी होती. शहरातले गिऱ्हाईक मोठ्या कंपन्यांनी आधीच धरले होते, म्हणून तिला तालुक्यांत शिरायचे होते आणि त्यासाठी पदवीधर एजंट हवे होते. फोर्टातल्या कचेरीत कंपनीच्या सेक्रेटरींनी त्याची मुलाखत घेतली. ते गणिताचे माणूस होते.

“इतिहास,” अर्जावरून नजर न उचलता ते म्हणाले. “विम्यात इतिहासाचं काय काम?”

हिरामण थांबला. मग म्हणाला, “माणूस कधी जन्मला ते ठरवावं लागत असेल ना?”

“ते दाखल्यावरून ठरतं.”

“आमच्याकडे पाटलाच्या नोंदीत ‘अमक्यास मुलगा’ एवढंच असतं. मुलाचं नाव नसतं. आणि शाळेतलं वय मास्तरांनी मुलाची उंची बघून घातलेलं असतं.”

“मग तुमच्याकडे असतं काय?”

“सालं असतात. गाठीच्या रोगाचं म्हणजे प्लेगचं साल, माथेरानची गाडी सुरू झाली ते साल, मानमोडीच्या साथीचं साल. प्रत्येक माणूस कुठल्या तरी सालाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे जन्मलेला असतो. चार माणसांना विचारलं की सापडतो.”

सेक्रेटरींनी आता वर पाहिले. विम्याचा हप्ता वयावर ठरतो. वय जास्त, तर हप्ता जास्त. वयाचा भरवसा नसेल तर सगळा हिशेब वाऱ्यावर. त्या भागातून आलेले कंपनीचे पहिले प्रस्ताव याच कारणासाठी पडून होते. हिरामणला त्यांनी एजंट म्हणून घेतले. पगार नव्हता, मिळवलेल्या धंद्यावर कमिशन होते.

गिऱ्हाईक मिळवणे सोपे नव्हते. नवी सून घरात आलेली असली की बायका त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत, कारण तो मरणाचे बोलतो. एकाने तर त्याची सायकल आडवी गेली म्हणून घरी परतून पाय धुतले. पण महिन्याचा पगार घेणारी माणसे हळूहळू वळली. कर्जतचे फायरमन, पॉइंटमन, खोपोलीचे फिटर, शाळामास्तर, गिरण्यांतले कामगार.

वय ठरवण्याची त्याची रीत कॉलेजातून आलेली होती. त्याचे प्रोफेसर सांगत, की घटनेला दोन साक्षी हवेत आणि दोन्ही स्वतंत्र हव्यात. एकाने दुसऱ्याचे ऐकून लिहिले असेल तर कागद दोन दिसतात, साक्ष एकच असते. हिरामण तेच करी. माणूस स्वतः काय सांगतो ते ऐकायचे, मग त्याला जाणणाऱ्या आणखी दोघांना वेगवेगळे गाठायचे आणि जुळते का पाहायचे. त्याला हेही ठाऊक होते, की त्या मुलखात वय चुकते ते बहुधा विसरून नव्हे. नोकरीला लागताना माणूस वय उतरवतो आणि पंचांत बसायची वेळ आली की चढवतो. अशा ठिकाणी तो जास्त बारकाईने विचारी. प्रत्येक प्रस्तावाबरोबर तो अर्ध्या पानाचे टिपण जोडी. सेक्रेटरींना ही टिपणे आवडू लागली आणि कंपनी ती दाखल्याच्या जागी मान्य करू लागली.

लोधिवलीचा धाकलू त्याच्याकडे आला तो पहिल्याच वर्षी. धाकलू मूळचा कोंडाण्याचा. चौकच्या भाताच्या गिरणीत तो इंजिन चालवी आणि लोधिवलीत घर करून राहिला होता. पहिली बायको वारली, तेव्हा त्याने वावोशीच्या जैतूची मुलगी जिजा केली. त्यांना एक मुलगी होती. हिरामण फॉर्म घेऊन गेला त्या दिवशी जैतू लेकीकडे आलेला होता आणि ओट्यावर जावयाशेजारी सुपारी कातरत बसला होता.

“मास्तर, मी मेलो म्हंजी पैशे,” धाकलू म्हणाला. “आन् नाय मेलो तर?”

“वीस वर्षांनी तुम्हालाच.”

“मंग कंपनीनं खायाचं काय?”

“सगळी माणसं एकदम मरत नाहीत, ते.”

जैतू मोठ्याने हसला. “येवडंच? येवड्यासाटी बी.ए. व्हावं लागतं व्हय?”

जिजाने दाराआडून चहाचे पेले पुढे सारले. हिरामणने फॉर्म गुडघ्यावर ठेवला. “वय?”

“तेहेतीस,” धाकलू म्हणाला.

“कशावरून?”

“गाठीचा रोग सरला, त्याच्या मागनं माजा जल्म. आय सांगायची.”

“बराबर हाय,” जैतू म्हणाला. “सोयरीक जुळवताना मी सोता इचारलं हुतं. बिजवर हाय, तवा इचारायला नगं? तवा सव्वीस हुतं. आता तेहेतीसच व्हनार.”

हिरामणने जैतूची साक्ष लिहून घेतली. दुसरी साक्ष त्याने गिरणीतल्या एका सोबत्याची घेतली. त्यानेही तेहेतीसच सांगितले. डॉक्टरांनी धाकलूची छाती ठोकून पाहिली आणि प्रकृती उत्तम असे लिहिले. ते खरेच होते. हजार रुपयांचा विमा उतरला.

१९३३च्या भाद्रपदात धाकलू विषमज्वराने गेला.

विमा उतरून पुरती दोन वर्षे झाली असतील-नसतील. इतक्या लवकर आलेल्या मागणीची चौकशी करायची असा कंपनीचा नियम होता. सेक्रेटरींनी हिरामणला मुंबईला बोलावले. पण चौकशी हे बोलावण्याचे निम्मेच कारण होते. कंपनी आता इतर जिल्ह्यांतल्या तालुक्यांतही पसरत होती आणि वयाची अडचण सगळीकडे तीच होती. वय पडताळण्यासाठी एक पगारी इन्स्पेक्टर नेमावा, असे सेक्रेटरींनी संचालकांपुढे मांडायचे ठरवले होते.

“जागा तुमच्यासाठीच काढतोय,” ते म्हणाले. “संचालकांना वाणिज्यवाला हवा आहे. मी त्यांना म्हटलं, वाणिज्यवाल्याला दाखला वाचता येतो, दाखला नसेल तिथे तो काय करणार? हा लोधिवलीचा क्लेम नीट निकालात काढा. तुमच्या कामाचा नमुना म्हणून हाच बोर्डापुढे ठेवतो.”

हिरामण तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. कमिशनवर त्याचे स्वतःचे भागत होते, पण घरात काही जात नव्हते आणि थोरला भाऊ आता ते बोलूनही दाखवू लागला होता. पगाराची जागा मिळाली नाही, तर पुढच्या पेरणीला औताशी उभे राहायचे, हे घरात न बोलता ठरले होते.

“पगार म्हंजी दर म्हयन्याला?” पदूने विचारले. “कोनी मेलं नाय तरी?”

“तरीही.”

“मंग सोडू नको रं बाबा.”

हिरामण लोधिवलीला गेला. जैतू आधीच येऊन बसला होता. लेकीला आणि नातीला वावोशीला न्यायचे, सहा महिने जाऊ द्यायचे आणि मग जिजाचा पाट लावायचा असे त्याच्या मनात होते. माणूसही त्याने हेरून ठेवला होता. जिजा काही त्याला बधत नव्हती.

“मी हितून हालनार नाय,” ती हिरामणला म्हणाली. “पैशे आले की दोन म्हशी बांधीन. चौकात दुदाला गिऱ्हाईक हाय. येतील ना वो पैशे?”

“वयाची खात्री झाली की येतील.”

“वय मला काय ठावं? नवऱ्याला कोन वय इचारतंय? त्येंच्या बहिनीला इचारा. कोंडाण्याला हाय, बायजा. आमच्या लग्नात सगळा येळ तोंडाला पदर लावून हासत हुती. कशाला हासत हुती कोनास ठावं.”

दुसऱ्या दिवशी हिरामण कोंडाण्याला पोचला. बायजा अंगणात वाल निवडत होती. वयाने साठीकडे झुकलेली, काटक बाई. भावाचे नाव काढताच तिने डोळे पुसले आणि सूप पुन्हा हातात घेतले.

“तेहेतीस सांगितलं त्यानं?” ती म्हणाली. “ह्या बाबानं लगीन करायचं म्हून सात वर्सं गिळली, आन् परत काय वकली नाय.”

“गाठीच्या रोगानंतर जन्मला ना तो?”

“गाठीच्या रोगात समदं गाव माळावर झोपड्या बांधून ऱ्हायला गेलं हुतं. हा डोस्क्यावर कोंबड्यांचं खुराडं घिऊन माज्या म्होरं चालत हुता. वाटंत येक तलंग निसटली म्हून आयनं हानला त्याला. रडत रडत तिच्यामागं पळाला, आन् धरून आनली. आता सांग, पोटात असलेलं प्वार कोंबडी धरतं व्हय?”

हिरामणने विचारले, “आणखी कुणी असेल त्याच्या बरोबरीचं?”

“वरल्या ठाकूरवाडीत शुक्रा हाय. दोगं गुरं राखायचे.”

शुक्रा वाडीच्या खाली लाकडे बांधताना भेटला. बायजाने काय सांगितले ते हिरामणने त्याला सांगितले नाही. धाकलूला कधीपासून ओळखतोस, एवढेच विचारले.

“लहानपनापासनं. माथेरानच्या गाडीचा रस्ता व्हत हुता ना, तवा आमी दोगं खडी वाहायला गेलो. पोरांना आरदी मजुरी. धाकलू मुकादमाला म्हनं, मला मिसरूड फुटलंय, मला पुरी दे.” शुक्रा हसला. “मुकादमानं हनुवटी धरून उजेडाला बगितली आन् दिली की पुरी.”

माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. गाठीच्या रोगानंतर, म्हणजे १८९७ नंतर, जन्मलेल्या पोराला तेव्हा मिसरूड फुटणे शक्य नव्हते. दोन साक्षी, दोन्ही स्वतंत्र, दोन वेगळ्या सालांच्या. विमा उतरवला तेव्हा धाकलू चाळीस वर्षांचा होता.

परतताना तो बायजाच्या अंगणावरूनच आला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला काही उमगले असावे.

“का रं, तिचं पैशे जातील काय?”

“ते अजून सांगता येत नाही.”

“मंग मी सांगितलंच नाय आसं समज.”

“सांगितलंत ना.”

“तुज्या कानाला सांगितलं. कागदाला कुठं सांगितलं?”

कंपनीचा नियम हिरामणला पाठ होता. विमेदाराने जाणूनबुजून खोटे वय सांगून कंपनीला फसवले असेल, तर विमा रद्द. वारसाला काही नाही. वय चुकून कमी लागले असेल, तर विमा चालू. भरलेल्या हप्त्यांत खऱ्या वयाच्या माणसाला जितक्या रकमेचा विमा मिळाला असता, तितकी रक्कम द्यायची. आणि तेहेतीसच बरोबर असे त्याने लिहिले असते, तर पूर्ण हजार. मुंबईहून कोंडाण्याला येऊन बायजाला कुणी विचारणार नव्हते.

रात्रीच्या जेवणानंतर त्याने बापाला सगळे सांगितले. नियमही सांगितला.

“तेहेतीस लिवनार का तू?” पदूने विचारले.

“नाही. तो चाळिसाचा होता.”

“मंग चाळीस लिव. त्यानं खोटं सांगितलं म्हून लिव. खरं बी ऱ्हायलं, नोकरी बी ऱ्हायली.”

“त्यानं सासऱ्याला खोटं सांगितलं, आबा.”

“आन् तुला?”

“मी विचारलं तेव्हा सासरा शेजारी बसला होता.”

पदूने कपाळावर हात मारून घेतला.

“आरं येड्या! बिजवराला सासऱ्याम्होरं वय इचारतात व्हय?”

“ओट्यावर सगळे होते. फॉर्म तिथंच भरतात.”

“मंग त्यो काय सांगनार हुता? ‘मामा, तुमाला सात वर्सं फसवलं, वाईच सरका, मास्तरला खरं सांगतो’? येवडी बुकं वाचून तुला येवडं नाय कळलं?”

हे हिरामणला कोंडाण्याच्या उतारावरच कळले होते. चूक तेवढीच नव्हती. जैतूला धाकलूचे वय धाकलूनेच सांगितलेले होते. गिरणीतला सोबतीही तेच ऐकून सांगत होता. तीन तोंडांनी एकच साक्ष त्याने तीनदा लिहून घेतली होती. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात ती चूक होती ही. आणि तिला कारण त्या मुलखाची रीत होती. घरी आलेल्या माणसाने यजमानाला बाजूला घेऊन काही विचारणे तिथे वाईट दिसते. आलेला माणूस जे बोलायचे ते सगळ्यांसमोर बोलतो. हिरामण त्याच रीतीत वाढला होता. त्याला ते खटकलेच नव्हते.

मुंबईला जाताना त्याने दोन पानांचा अहवाल नेला. सेक्रेटरींनी तो वाचला. दुसऱ्या पानावर त्यांची नजर रेंगाळली.

“पहिलं पान उत्तम आहे,” ते म्हणाले. “दोन सालं, दोन साक्षी. बोर्डाला हे आवडेल. दुसरं पान कशाला जोडलंय?”

“तेहेतीस कसं लिहिलं गेलं, ते त्यात आहे.”

“विमेदारानं खोटं सांगितलं म्हणून लिहिलं गेलं.”

“तो सासऱ्याला दिलेला शब्द पाळत होता. कंपनीचा प्रश्न त्याला वेगळा विचारलाच गेला नाही. मी विचारला नाही.”

“कोळंबे, मी तुम्हाला सरळ सांगतो. विमेदारानं फसवलं असं ठरलं, तर तुमची रीत शाबूत राहते. माणूस खोटा निघाला, पण एजंटानं ते शोधून काढलं. दुसरं पान बोर्डापुढे गेलं, तर कुणीतरी विचारणारच, या एजंटानं ठरवलेल्या बाकीच्या वयांचं काय?”

हिरामण थांबला. सेक्रेटरींना वाटले तो विचार करतो आहे. त्याचा विचार झालेला होता.

“तीही पुन्हा विचारावी लागतील,” तो म्हणाला. “निदान ज्यांचं दुसरं लग्न झालंय, त्यांची.”

“म्हणजे तुमच्या ह्या अर्ध्या पानांवर आम्ही पैसे लावले ते चुकलंच?”

“काही ठिकाणी चुकलं असेल. किती ठिकाणी, ते विचारल्याशिवाय कळणार नाही.”

सेक्रेटरींनी दोन्ही पाने एकत्र टाचली. पुढे त्यांनी एका सहकाऱ्याला सांगितले, की त्या क्षणी त्यांना एजंटाचा राग आला होता आणि पान फाडून टाकावे असेही वाटले होते. फाडले मात्र नाही.

बोर्डाने दोन ठराव केले. लोधिवलीच्या मागणीत फसवणूक नाही, वयाची चूक आहे, म्हणून रक्कम त्या प्रमाणात द्यावी, हा पहिला. वयपडताळणीच्या जागेवर वाणिज्य शाखेचा पदवीधर नेमावा आणि कर्जत-खालापूरकडची जुनी वये संबंधित एजंटाने स्वखर्चाने पुन्हा पडताळावीत, हा दुसरा. दुसऱ्या ठरावावर चर्चा झाली नाही.

जिजाला पैसे मिळाले. दोन म्हशींचा विचार होता, एक आली. ती लोधिवलीतच राहिली. जैतूने हेरून ठेवलेल्या माणसाचे वर्षभरात दुसरीकडे जमले. जैतूचा राग कंपनीवर नव्हता, मेलेल्या जावयावरही फारसा नव्हता. तो हिरामणला चौकच्या बाजारात अडवून म्हणाला, “त्याचं खोटं तू माज्या तोंडानं वदवून घेतलंस. पंचक्रोशीत मी येकटाच येडा ठरलो.” हिरामणने ते नाकारले नाही.

पदूने जागेची बातमी ऐकली आणि त्या दिवशी थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी केली. “बी.ए.ला गोठ्यात जागा झाली रं. येक म्हस इकली.” पेरणीला हिरामण औतापाशी होता. पीक निघाल्यावर मात्र तो पुन्हा सायकलवर बसला.

जुनी वये पुन्हा विचारायला त्याला वर्ष लागले. या वेळी तो ओट्यावर बसत नसे. माणसाला शेतावर गाठायचा, नदीवर गाठायचा, म्हशी पाण्यावर नेताना बरोबर चालायचा. कुणी घरातच भेटला, तर पाणी प्यायचे निमित्त करून विहिरीपर्यंत न्यायचा. बहुतेकांची वये आधीची तीच निघाली. थोड्यांची बदलली. बिजवर जवळजवळ सगळे वाढले. एक पॉइंटमन पाच वर्षांनी लहान निघाला. त्याला मेहुण्यांत वडीलकी हवी होती. हिरामण प्रत्येक फरक कळवत गेला. कंपनी हप्ते दुरुस्त करत गेली. काहींनी चिडून विमा सोडला. पण ‘वय एकांतात विचारावे’ हे वाक्य कंपनीच्या छापील सूचनांत आले. ते कुणाचे, हे सूचनांत लिहिलेले नव्हते.

नवा इन्स्पेक्टर १९३५च्या थंडीत पहिल्यांदा कर्जतला आला. व्यवस्थित, कामसू तरुण होता तो. सूचना त्याने वाचलेल्या होत्या. हिरामण त्याला एका फायरमनच्या घरी घेऊन गेला. फायरमनचे नाव कमळ्या, त्याचे नुकतेच दुसरे लग्न झाले होते, आणि सासरा ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. इन्स्पेक्टरने फॉर्म उघडला, सासऱ्याकडे पाहिले, सूचना त्याला आठवली आणि तो हिरामणकडे पाहू लागला.

हिरामण उठला. “कमळ्या, जरा विहीर दाखव रे. तहान लागलीय.”

“पानी घरात हाय की,” कमळ्या म्हणाला, पण उठला.

“जा, जा,” सासरा मागून म्हणाला. “मास्तर वीर दाखव म्हनतो तवा काय इचारतो, ते साऱ्या तालुक्याला ठावं हाय. खरं काय ते येकदाचं सांगून ये. आता लगीन काय मोडत नाय.”

ओट्यावरचे सगळे हसले. कमळ्याही हसला, पण त्याची मान खाली गेली. एकांताची ती युक्ती आता एकांताची राहिली नव्हती. विहिरीवर नेलेला माणूस वय लपवतो, हे नेण्यानेच जाहीर होऊ लागले होते. म्हणून हिरामण आताशा सगळ्यांनाच नेत असे, एकदाच लग्न झालेल्यांना आणि म्हाताऱ्यांनाही. त्यात त्याचे रोजचे चालणे बरेच वाढले होते.

दोघे बांधावरून उतरले. इन्स्पेक्टर फॉर्म घेऊन ओट्यावर बसून राहिला. सासऱ्याने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि त्याला नीट न्याहाळले.

“सायेब, लगीन झालंय का तुमचं?”

“नाही.”

“मंग बसा. तुमाला हितंच इचारलं तरी चालतंय.”